नागपूर–मुंबई विमानसेवा: हवेत सव्वा तास, घर ते घर साडेचार तास

नागपूरहून मुंबईला जाणारी विमानसेवा चांगली आहे. सकाळी जाऊन काम उरकून रात्री घरी परतायचं असेल तर तिला दुसरा पर्यायच नाही. पण तिकिटावर छापलेला दीड तास धरून कुणी मुंबईतल्या बैठकीची वेळ ठरवली, तर ती बैठक हुकणार हे नक्की. सोनेगाव ते सांताक्रूझ, म्हणजे दोन्ही विमानतळांमधलं अंतर, सरळ रेषेत सुमारे ६८३ किलोमीटर, वैमानिकांच्या हिशेबात ३६९ सागरी मैल. प्रवासाला लागणारा वेळ मात्र या आकड्यापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतो: दिवसातलं कितवं विमान पकडलं, मुंबईत कुठल्या टर्मिनलवर उतरायचं आहे, आणि बॅग चेक-इन केली की हातात ठेवली.

आधी अंतराचं बघू, कारण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात आणि गोंधळ होतो. ६८३ हा आकडा पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचा. विमान त्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांवरचे बिंदू गाठत जातं आणि मुंबईजवळ उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत लागतं, म्हणून प्रत्यक्ष उडालेलं अंतर सहसा ७०० च्या पुढे जातं. सुरुवातीलाच थोडा फरक पडतो. नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे एक टोक आग्नेयेकडे, दुसरं वायव्येकडे. लांबी ३२०० मीटर. मुंबई आहे पश्चिम-नैऋत्येला. वायव्येकडे उड्डाण झालं तर थोडं डावीकडे वळून विमान लगेच मार्गी लागतं. आग्नेयेकडे झालं तर आधी बुटीबोरीच्या दिशेने जाऊन मोठं वळण घ्यावं लागतं आणि दोन-तीन मिनिटं त्यातच जातात. कुठल्या बाजूने उडायचं हे वारा ठरवतो.

आता वेळ. तिकिटावर दीड तास ते पावणेदोन तास छापलेले असतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात: विमान नागपूरच्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून मुंबईत जागेवर उभं राहून चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा वेळ. ढोबळ फोड अशी. नागपुरात धावपट्टीपर्यंत जायला आठ-दहा मिनिटं. ३४-३६ हजार फुटांवर पोचायला वीसेक मिनिटं, आणि एवढ्यात जवळपास २०० किलोमीटर मागे पडलेले असतात. खाली यायला सुरुवातही मुंबईच्या २०० किलोमीटर आधीच करावी लागते. म्हणजे ६८३ पैकी जेमतेम २८० किलोमीटर विमान समपातळीत, ताशी ८३० च्या आसपासच्या वेगाने चालतं. ती झाली वीस मिनिटं. उतरण आणि रांग मिळून पंचवीस-तीस मिनिटं, मग मुंबईत जमिनीवरची दहा. उरलेला काळ विमान कंपन्यांनी राखून ठेवलेला असतो, कारण वेळेवर पोचल्याचा हिशेब छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलं की नाही यावर होतो. म्हणून कधीकधी उशिरा सुटलेलं विमानसुद्धा मुंबईत वेळेवर लागतं.

समपातळीतल्या या वीस मिनिटांचा एक परिणाम आपल्यालाही जाणवतो. पट्टे सोडण्याची सूचना झाली की ट्रॉली निघते आणि मागच्या रांगांपर्यंत पोचेतो उतरण सुरू झालेली असते. खायला हवं असेल तर तिकिटासोबतच आधी सांगून ठेवा, किंवा पुढच्या दहा-बारा रांगांत बसा. नाहीतर सरळ घरून खाऊन निघालेलं बरं.

जाण्याला आणि येण्याला सारखा वेळ का लागत नाही, असा प्रश्न नेहमी येतो. हिवाळ्यात मध्य भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. मुंबईला जाताना ते अंगावर, परतताना पाठीशी. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर पाऊण तासाच्या अंतराला एका बाजूने पाच-सहा मिनिटं जास्त आणि दुसऱ्या बाजूने तेवढीच कमी लागतात. पावसाळ्यात वरच्या थरातले वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरक मिटतो, पण तेव्हा मुंबईचा पाऊस त्याच्या कितीतरी पट मिनिटं खातो. उंचीचंही गणित दिशेवर आहे. पश्चिमेकडे जाणारं विमान ३४ किंवा ३६ हजार फुटांवर, पूर्वेकडे येणारं ३३ किंवा ३५ हजारांवर. समोरासमोरच्या विमानांत उभं अंतर राहावं म्हणून सम-विषमची ही वाटणी असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ही या प्रवासातली सर्वांत जमेची बाजू. टर्मिनल २००८ चं, आटोपशीर. दारापासून गेटपर्यंत चालावं लागतं ते फार थोडं. मुंबईत टी२ वर, म्हणजे टर्मिनल २ वर, नुसतं गेट गाठायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात इथे सामान देऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहता येतं. कमतरता दोन. पहाटे दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर अशी विमानं पाठोपाठ सुटतात आणि तपासणीची रांग अचानक वाढते. एरवी दहा मिनिटांत होणारं काम तेव्हा अर्धा तास घेतं. दुसरी कमतरता मेट्रोची. ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट नावाचं स्टेशन आहे, सीताबर्डीहून पटकन पोचवतं, पण ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तिथून पुढे रिक्षा किंवा फीडर बस बघावी लागते. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर मेट्रोच्या नादी लागू नका. आणि पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, कारण तोवर ती सुरूच झालेली नसते.

धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर इथून गाडीने पंचवीस मिनिटं पुरतात. मानकापूर, कोराडी, कामठीकडून संध्याकाळी तासभर धरा. वर्धेकडून येणाऱ्यांचं बरं आहे, विमानतळ शहराच्या अलीकडेच लागतो. अमरावतीकरांना १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान आहे, पण ते एटीआर आहे, पंख्याचं. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, त्यामुळे अंतर कमी असूनही हवेतला वेळ नागपूरपेक्षा जास्त लागतो. तरीही बेलोऱ्याचे दिवस आणि वेळ जुळत असेल तर नागपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर वाचतात, म्हणजे एकूण फायदाच.

चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट २५ मिनिटं आधी. हे आकडे घट्ट आहेत, विनंती करून उपयोग होत नाही. वेब चेक-इन करून फक्त ७ किलोची हातबॅग घेतली तर सव्वा तास आधी पोचलं तरी चालतं. १५ किलोची बॅग द्यायची असेल तर दीड तास, दिवाळी आणि लग्नसराईत दोन तास. संत्री न्यायची असतील तर वजनाकडे लक्ष द्या. दहा किलोचा खोका १५ किलोंतले दोन-तृतीयांश खातो, आणि जास्तीच्या वजनाचे काउंटरवर किलोमागे लागणारे पैसे संत्र्यांच्या भावापेक्षा जास्त होतात. खोका सैल बांधलेला असेल तर पट्ट्यावर फुटतो. नायलॉनच्या दोरीने दोन्ही बाजूंनी आवळून वर चिकटपट्टी मारा आणि दोन बाजूंना हवेची भोकं ठेवा. लोणचं हातबॅगेत चालत नाही, ते चेक-इनच्या बॅगेत द्या. पॉवर बँक उलट, त्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. बऱ्याच बॅगा याच एका गोष्टीवरून परत उघडायला लावतात.

कुठलं विमान घ्यायचं? सकाळचं पहिलं, आणि त्यातही रात्रभर नागपुरातच उभं राहिलेलं. कारण साधं आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलं की दुपारी नागपूरला उशिरा येतं आणि संध्याकाळी मुंबईला आणखी उशिरा पोचतं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात स्वच्छ ऊन पडलेलं असताना विमान तीन तास लेट का, याचं उत्तर बहुतेक वेळा दिल्लीत असतं. हे आधी कळून घेता येतं. विमानांचा माग दाखवणारं कुठलंही ॲप उघडा, आपल्या फ्लाइटचा क्रमांक टाका आणि ते विमान आधी कुठून येतंय ते बघा. येणारं विमान लागल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत किमान ३० ते ३५ मिनिटं लागतातच: माणसं उतरणार, सफाई, इंधन, सामान, माणसं चढणार. तुमचं विमान ६ वाजताचं आणि येणारं ५.५० ला टेकणार असेल, तर स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, साडेसहाच्या आत सुटत नाही. घरून निघायच्या आधी एवढं बघितलं की विमानतळावरचा बराच ताप टळतो. मात्र उशीर दिसतोय म्हणून उशिरा निघू नका. काउंटर मूळ वेळेप्रमाणे बंद होऊ शकतो, आणि कंपनी ऐन वेळी दुसरं विमानही देते.

दुसरा अडथळा खुद्द मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी झाली की विमान मुंबईवर घिरट्या घालत ठेवण्यापेक्षा नागपुरातच थांबवतात, त्यात इंधन वाचतं. अशा वेळी माणसं बसलेली, दारं लावलेली आणि वैमानिक सांगतोय वीस मिनिटं थांबा, असं होतं. यात नागपूरच्या विमानतळाचा दोष नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. तारीख बरीच आधी जाहीर होते. त्या दिवशीचं दुपारचं तिकीट काढू नका, संध्याकाळचंही शक्यतो टाळा.

उतरायचं कुठे, हे आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालंय. टी१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी२ सहारला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम असतो, नवी मुंबईचा एनएमआय. स्वस्त दिसलं म्हणून कोड न बघता तिकीट काढायचं आणि काम निघायचं बोरिवलीला, असं झालं तर वाचलेले पैसे टॅक्सीतच जातात. वाशी, बेलापूर, पनवेल, उरण इथे जायचं असेल तर नवी मुंबईच घ्या. अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव असेल तर टी१ किंवा टी२. फोर्ट-चर्चगेटकडे जाणाऱ्यांना मेट्रो ३ चा मोठा आधार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि टी१, टी२ दोन्हींना स्वतःचं स्टेशन आहे. सीएसएमटीला पाऊण तासाच्या आत पोचता येतं, पावसातही. परदेशी जाणारं विमान टी२ वरून असेल तर नागपूरहून टी२ वरच उतरणारं बघा. टी१ वर उतरलात तर रस्त्याने फिरून जावं लागतं, आणि नवी मुंबईला उतरून सहारचं विमान गाठायचा बेत तर आखूच नका.

सगळं जोडून बघा. घर ते सोनेगाव अर्धा तास, तिथे सव्वा तास, विमानाचे ९५ मिनिटं, बाहेर पडायला पंधरा, मुंबईत पुढे पाऊण तास. साधारण साडेचार तास. बॅग दिली असेल तर आणखी अर्धा तास, कारण आधी लवकर जावं लागतं आणि नंतर पट्ट्यापाशी उभं राहावं लागतं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला. वेगमर्यादा १२० धरून, दोनदा थांबून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आठ तास, आणि भिवंडीपासून पुढची वाहतूक वेगळी. चौघांचं कुटुंब आणि भरपूर सामान असेल तर गाडी परवडते, पण एकट्याने सलग चालवू नका. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. रेल्वेने ८३७ किलोमीटर. रात्रीची दुरांतो साधारण साडेअकरा तासांत सकाळी सीएसएमटीला सोडते, आणि काम दक्षिण मुंबईत असेल तर पहाटे तीनला उठून विमान पकडण्यापेक्षा ती जास्त सुखाची. झोप पूर्ण होते, हॉटेलचा खर्च नाही. विमान तिच्यावर मात करतं ते परतीच्या दिवशी, कारण काम संध्याकाळी सहाला संपलं तरी रात्री अकरापर्यंत घरी पोचता येतं.

पुण्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि नागपूरच्या घराघरांतून एक तरी पोरगं तिकडे असल्यामुळे तो महत्त्वाचाही आहे. लोहगावपर्यंत सरळ अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, ब्लॉक टाइम सव्वा ते दीड तास. रेल्वेला मात्र भुसावळ-मनमाड-दौंड असा वळसा पडतो. अजनी–पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, तीसुद्धा ८८१ किलोमीटरला बारा तास घेते. म्हणून या मार्गावर विमानाची किंमत सर्वांत जास्त वसूल होते, आणि म्हणूनच दिवाळीत भाडंही सर्वांत जास्त चढतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुणे ते नागपूर आणि भाऊबीजेनंतर नागपूर ते पुणे, या दोन दिशा भरतात. उलट्या दिशेची विमानं त्याच दिवसांत स्वस्त असतात, तेव्हा आई-वडिलांनीच पुण्याला जाऊन दिवाळी करायची ठरवली तर बराच पैसा वाचतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीचे फोटो काढू नका. बाहेर पडल्यावर ॲपची टॅक्सी दारात येत नाही, एरोमॉलच्या पार्किंग इमारतीतून घ्यावी लागते. हिंजवडीला जायचं असेल आणि वेळ संध्याकाळची असेल तर रस्त्यात दीड तास जाऊ शकतो. पुण्याचं तिकीट आवाक्याबाहेर गेलं तर हिंजवडी-वाकडच्या लोकांना नवी मुंबईला उतरून द्रुतगती मार्गाने जाणं हा खरोखरचा पर्याय आहे, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास.

दिल्ली ८५४ किलोमीटर, बंगळूर ८८९. दोन्हीकडे विमानच. हैदराबाद फक्त ४३४, तिथे विमानाची बाजू लंगडी पडते. तिथला शमशाबादचा विमानतळ शहरापासून लांब आहे, आणि सिकंदराबादची वंदे भारत सव्वासात तासांत थेट स्टेशनात सोडते.

उशीर आणि रद्द झालेल्या विमानाचे नियम माहीत असले तर काउंटरवर नीट बोलता येतं. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तासांवर उशीर झाला की खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे, मागा. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. सुटायला चोवीस तासांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना कळवून विमान रद्द केलं तर भरपाईही लागू होते. ती ब्लॉक टाइमवर ठरते, आणि मुंबई व पुणे दोन्ही एक ते दोन तासांच्या गटात येतात: ७५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, पैसे परत किंवा दुसरं विमान मात्र मिळतं. म्हणून रद्द होण्याचं कारण लेखी मागून घ्या. दिल्लीचं धुकं आणि कर्मचारी कमी पडणं ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि पहिलं सांगून दुसरं झाकलं जाण्याची शक्यता असते. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. सोबत पीएनआर, कंपनीकडून आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट वेळेसकट, आणि तोवर झालेल्या खर्चाच्या पावत्या जोडा.